आंबा बागायतदारांसाठी ई-मेल विक्रीसेवेची निवड

हापूस आंबा पिकविणे आणि तो चांगल्या भावाने विकणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामात कोकणातील बागायतदार पिढ्यान्‌पिढ्या तरबेज आहे. दुसरे काम मात्र बहुतांशी दुसऱ्याच्या हाती राहिले. वाशीच्या बाजारात पेटी गेली की तो आंबा कोणी खाल्ला, त्याला तो आवडला की नाही आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा घेणार आहे काय, यांपैकी काहीच बागायतदाराला कळत नाही. म्हणून अलीकडे अनेक बागायतदार मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर येथील ग्राहकांना घरपोच पेट्या देऊ लागले आहेत. असा बागायतदार हा शेतकरी तर आहेच, पण लहान व्यावसायिकही आहे. त्याची खरी मिळकत म्हणजे ग्राहकांच्या नावांची यादी होय.

ही यादी सांभाळणे आणि यादीतील सर्वांना वेळेवर पत्र पाठविणे यासाठी ई-मेलच्या एकत्रित सेवा मिळतात. या सेवा पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीची जाहिरात आकर्षक असते. त्यांतून आपल्या कामाची सेवा कशी निवडावी, याची माहिती या लेखात दिली आहे. उदाहरण हापूसचे घेतले असले तरी बेदाणा, गूळ, सेंद्रिय तांदूळ किंवा मध थेट विकणाऱ्या शेतकऱ्यांनाही ती उपयोगी पडेल.

ई-मेलच का?

आज प्रत्येकाच्या हातात व्हॉट्सअ‍ॅप आहे, मग ई-मेल कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. रोजच्या बोलण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप सोयीचे आहेच, ते बंद करण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या साध्या प्रसारण यादीत २५६ जणांची मर्यादा असते आणि ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठविला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. शिवाय दिवसभरात येणाऱ्या शेकडो संदेशांत आपला संदेश खाली ढकलला जातो.

ई-मेल मात्र शोधून पुन्हा वाचता येते. नोकरदार ग्राहक, भेट म्हणून पेट्या पाठविणाऱ्या कंपन्या, तसेच परदेशात राहून आईवडिलांच्या पुण्या-मुंबईच्या घरी आंबा पाठवू इच्छिणारी मुले यांना ई-मेल सोयीचे वाटते. याउलट, आपले बहुतेक ग्राहक तालुक्याच्या गावचे असतील आणि ते ई-मेल उघडतच नसतील, तर या सेवेवर खर्च करू नये. प्रथम आपल्या ग्राहकांपैकी किती जण ई-मेल वापरतात हे विचारून घ्यावे व मगच पुढे जावे.

एकत्रित सेवा म्हणजे काय?

आपल्या नेहमीच्या ई-मेल खात्यातून हजार लोकांना एकदम पत्र पाठविणे योग्य नाही. अशा खात्यांना रोजच्या पत्रांची मर्यादा असते आणि एकाच वेळी पुष्कळ पत्रे गेल्यास खाते अडविले जाऊ शकते. यासाठी स्वतंत्र सेवा असतात. एकत्रित सेवेत साधारणपणे पुढील कामे एकाच ठिकाणी होतात.

१. ग्राहकांची नावे व पत्ते साठविणे आणि त्यांचे गट पाडणे.
२. नवीन ग्राहकाने स्वतः नाव नोंदविण्यासाठी अर्ज तयार करणे.
३. पत्राची मांडणी करून ते एकदम किंवा गटवार पाठविणे.
४. ठरावीक प्रसंगी आपोआप पत्र जाण्याची व्यवस्था करणे, जसे नोंदणी मिळाल्याची पोच.
५. किती पत्रे पोहोचली, किती परत आली आणि किती जणांनी दुवा दाबला याचा हिशेब देणे.
६. याखेरीज काही सेवांत लहानसे संकेतस्थळ, विक्रीचे पान, पैसे स्वीकारण्याची सोय, एसएमएस इत्यादी.

पहिली पाच कामे बागायतदाराला लागतात. सहाव्या प्रकारातील सोयी कागदावर चांगल्या दिसतात, पण त्या आपल्याकडे चालतील की नाही हे तपासावे लागते. एसएमएसचे उदाहरण घ्या. भारतात व्यापारी एसएमएस पाठविण्यापूर्वी पाठविणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा मसुदा दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत मंजूर करून घ्यावा लागतो. २०२१ पासून या नियमाची अंमलबजावणी कडक झाली आहे. परदेशी सेवेच्या योजनेत एसएमएस फुकट मिळत असले तरी ही नोंदणी नसेल तर त्यांचा उपयोग नाही. तीच गोष्ट विक्रीच्या पानाची. त्यात रुपयांत व यूपीआयने पैसे घेता येत नसतील, तर आपल्या ग्राहकाला ते पान कामाचे नाही.

म्हणून जास्त सोयी म्हणजे चांगली सेवा, असे समजू नये. ज्या सोयी आपण वापरणार नाही त्यांचे पैसेही देऊ नयेत.

यादी आपली, सेवा भाड्याची

सेवा निवडताना सर्वांत महत्त्वाची बाब ही की, यादी आपली मालमत्ता आहे आणि सेवा हे केवळ भाड्याचे गोदाम आहे. गोदामाचा मालक बदलतो, भाडे वाढते, कधी गोदाम बंदही होते. आपला माल हवा तेव्हा बाहेर काढता आला पाहिजे.

ही केवळ भीती नाही. टायनीलेटर ही लहान पत्रकर्त्यांची आवडती मोफत सेवा २९ फेब्रुवारी २०२४ रोजी बंद झाली. हापूसच्या नोंदणीचे दिवस नेमके हेच असतात. मेलचिंप या अमेरिकेतील मोठ्या सेवेने २००९ मध्ये मोफत योजना सुरू केली. या योजनेत एके काळी २,००० नावांपर्यंत सोय होती. २०२३ पर्यंत ती मर्यादा ५०० नावांवर आली. मेलचिंपची मालकीही २०२१ मध्ये इन्ट्युट या कंपनीकडे गेली. यात कंपन्यांनी काही गैर केले असे नाही, त्यांना त्यांचा व्यवसाय पाहावयाचा असतो. पण मोफत योजनेच्या भरवशावर बसलेल्या लहान व्यावसायिकाला अशा वेळी ऐन हंगामात धावपळ करावी लागते.

म्हणून सेवा घेण्यापूर्वीच पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

१. दहा-बारा नावे घालून ती संपूर्ण यादी सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या स्वरूपात परत उतरवून घ्यावी.
२. उतरविलेल्या तक्त्यात नाव आणि ई-मेल यांबरोबर गाव, गट, नाव नोंदविल्याची तारीख आणि पत्रे बंद केल्याची खूण येते की नाही, ते पाहावे.
३. पैसे भरणे थांबविल्यावर यादी किती दिवस राहते, हे नियमांत वाचावे.
४. दर महिन्याच्या १ तारखेला यादी उतरवून घरच्या संगणकावर आणि पेन ड्राइव्हवर ठेवावी.

ज्या सेवेतून यादी सहज बाहेर काढता येत नाही ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

खर्चाचा हिशेब कसा करावा?

सेवांचे दर मुख्यतः दोन प्रकारे आकारले जातात. पहिल्या प्रकारात यादीतील नावांच्या संख्येवर दरमहा आकार असतो, मग पत्रे पाठवा अथवा पाठवू नका. दुसऱ्या प्रकारात पाठविलेल्या पत्रांच्या संख्येवर आकार असतो. आपला व्यवसाय वर्षभर सारखा नसून हंगामी आहे, हे लक्षात ठेवून यांतून निवड करावी लागते.

समजा, एका बागायतदाराकडे १,२०० ग्राहकांची यादी आहे. त्याचे वर्षाचे नियोजन पुढीलप्रमाणे होईल.

जानेवारी : १ पत्र (मोहोराची स्थिती)
फेब्रुवारी : १ पत्र (आगाऊ नोंदणी)
मार्च : २ पत्रे
एप्रिल : ३ पत्रे
मे : २ पत्रे
जून : १ पत्र (आभार व अभिप्राय)
ऑगस्ट : १ पत्र (गणेशोत्सवासाठी आंबापोळी, कोकम सरबत)
ऑक्टोबर : १ पत्र (दिवाळीच्या भेटी)

एकूण १२ पत्रे, म्हणजे वर्षाला १४,४०० ई-मेल झाली. त्यांपैकी एकट्या एप्रिलमध्ये ३,६०० जातात. जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या चार महिन्यांत एकही जात नाही. नावांवर आकार घेणारी सेवा या चार महिन्यांचेही पैसे घेईल. पत्रांवर आकार घेणारी सेवा येथे बहुधा स्वस्त पडेल. परंतु वर्षभर दर आठवड्याला भाजी किंवा दूध पोहोचविणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब याच्या उलट निघू शकतो. म्हणून शेजाऱ्याने घेतली म्हणून तीच सेवा घेऊ नये, आपला हिशेब स्वतः मांडावा.

हिशेब करताना आणखी चार बाबी विचाराव्यात.

१. पत्रे बंद केलेल्या ग्राहकांची नावेही सेवा मोजते काय? काही सेवा मोजतात. वर दिलेल्या यादीत अशी ३०० नावे साठली, तर १,२०० ऐवजी १,५०० नावांचा आकार पडेल.
२. दर रुपयांत आहे की डॉलरमध्ये? डॉलरमध्ये असल्यास विनिमयाचा फरक व बँकेचा आकार धरावा.
३. जीएसटी दरात धरला आहे काय? परदेशी सेवेवरील कर कोणी भरावयाचा, हे आपल्या कर सल्लागाराला विचारावे.
४. हंगाम संपल्यावर खालच्या योजनेत येता येते काय, की वर्षभराचा करार करावा लागतो?

मोफत योजना घ्यावयाची झाल्यास तिची मर्यादा हंगामाशी ताडून पाहावी. दिवसाला ३०० पत्रांची मर्यादा असेल तर १,२०० पत्रे जाण्यास ४ दिवस लागतील. उतरलेल्या आंब्याच्या बाबतीत ४ दिवस थोडे नाहीत. तरीही यातून मार्ग निघतो. गाडी ज्या दिवशी ज्या भागात जावयाची आहे त्या भागाच्याच ग्राहकांना त्याआधी पत्र पाठविले, तर रोजची ३०० पत्रे पुरतात आणि कामही नेटके होते.

पत्र पोहोचणे महत्त्वाचे

पत्र पाठविले म्हणजे ते पोहोचले असे नाही. ते नको असलेल्या पत्रांच्या खणात, म्हणजे स्पॅममध्ये गेले तर ग्राहकाला दिसतही नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी गठ्ठ्याने येणाऱ्या पत्रांसाठी नियम कडक केले आहेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना सर्व नियम लागू आहेत. लहान व्यावसायिकांनाही पाठविणाऱ्याची ओळख पटविणे आणि तक्रारी कमी ठेवणे हे नियम आहेतच.

ओळख पटविण्याच्या तीन खुणा आहेत. एसपीएफ ही आपल्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणाला दिला आहे त्याची यादी होय. डीकेआयएम ही लाखेच्या मोहोरेसारखी आहे, तिच्यामुळे पत्र वाटेत बदलले नाही हे कळते. आणि या दोन खुणा जुळल्या नाहीत तर पत्राचे काय करावे, याची सूचना डीमार्कमध्ये असते. या खुणा लावण्यासाठी आपल्या बागेच्या नावाचा स्वतंत्र इंटरनेट पत्ता, म्हणजे डोमेन असावे लागते. त्याला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. फुकटच्या जीमेल पत्त्याच्या नावाने दुसऱ्या सेवेमार्फत गठ्ठ्याने पत्रे पाठविल्यास ती स्पॅममध्ये जाण्याचा मोठा संभव असतो. म्हणून हा खर्च वाचवू नये. डोमेन स्वतःच्या नावावरच घ्यावे, संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नावावर ठेवू नये.

तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत असावे, असा नियम आहे आणि ०.१ टक्क्यापेक्षा कमी ठेवणे चांगले. आपल्या १,२०० पत्रांच्या उदाहरणात केवळ ४ जणांनी स्पॅमची कळ दाबली तरी प्रमाण ०.३३ टक्के होते. यावरून विकत आणलेली किंवा कोणाकडून मिळविलेली यादी किती घातक आहे, हे लक्षात येईल. अशा यादीतील लोकांनी आपले नावही ऐकलेले नसते. त्यांच्या तक्रारींमुळे आपल्या जुन्या ग्राहकांची पत्रेही अडतात.

नवीन पत्त्यावरून पहिल्याच दिवशी सर्वांना पत्र पाठवू नये. नव्या कलमाचा मोहोर आपण पहिली काही वर्षे खुडून टाकतो, तसाच येथे धीर धरावा. प्रथम नेहमी घेणाऱ्या ५० ग्राहकांना, नंतर २०० जणांना आणि मग सर्वांना, अशी संख्या वाढवीत न्यावी.

ग्राहकाची संमती

भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायद्याचा आशय असा की, माहिती कशासाठी घेतो ते स्पष्ट सांगावे, ग्राहकाची मोकळेपणाने दिलेली संमती घ्यावी आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती काढून घेणेही सोपे असावे.

व्यवहारात याचा अर्थ असा की, पेटीची नोंदणी घेताना ‘पुढील हंगामाची माहिती ई-मेलने पाठवावी काय?’ असा वेगळा प्रश्न विचारावा. उत्तर व तारीख नोंदवून ठेवावी. प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘पत्रे बंद करा’ हा दुवा असावा आणि तो एकाच वेळी दाबून काम व्हावे. ही ओळ, नोंदणीचा अर्ज व पोच या सर्वांचा मजकूर मराठीत करता येतो की नाही, हे सेवा निवडताना अवश्य पाहावे. काही सेवांत मुख्य पत्र मराठीत लिहिता येते, पण हा मजकूर इंग्रजीतच राहतो.

मराठी पत्राची उगवण चाचणी

बियाणे घेतल्यावर आपण पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून उगवण पाहतो. सेवेचीही तशीच चाचणी घ्यावी. बहुतेक सेवांत काही दिवस मोफत वापर करता येतो. त्या काळात ओळखीच्या २० जणांना मराठीत एक पत्र पाठवावे. त्यांत जीमेल, याहू, आऊटलुक वापरणारे आणि कंपनीच्या पत्त्यावर पत्रे घेणारे असे सर्व प्रकारचे लोक असावेत. त्यांना पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. पत्र कोणत्या खणात आले?
२. जोडाक्षरे, रफार व अंक नीट दिसतात काय?
३. मोबाइलवर विषयाची ओळ कोठे तुटते?
४. चित्रे न उतरविता पत्राचा अर्थ कळतो काय?
५. उत्तर पाठविल्यास ते आपल्याला मिळते काय?

विषयाची ओळ लहान ठेवावी आणि महत्त्वाचे शब्द सुरुवातीला घ्यावेत. ‘हापूस : पुण्याची गाडी १२ एप्रिलला’ ही ओळ पुरेशी आहे. संपूर्ण मजकूर एका चित्रात लिहून पाठवू नये, चित्र उतरले नाही तर पत्र कोरे दिसते. तसेच जीमेल सुमारे १०२ किलोबाइटपेक्षा मोठे पत्र मध्येच कापते आणि कापलेल्या भागात ‘पत्रे बंद करा’ हा दुवाही जातो. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह संगणकात ३ बाइट जागा घेते. त्यामुळे भारी सजावटीचे तयार नमुने टाळून साधी मांडणी निवडावी.

यशाचे माप कोणते?

सेवा आपल्याला ‘इतक्या टक्के लोकांनी पत्र उघडले’ असा आकडा देते. त्यावर फार भिस्त ठेवू नये. २०२१ मध्ये अ‍ॅपलने आपल्या मेलमध्ये गोपनीयतेची नवी सोय आणली. तेव्हापासून ग्राहकाने पत्र वाचले नाही तरी ते उघडल्याची नोंद होऊ शकते. खरे माप म्हणजे आलेली नोंदणी, आलेली उत्तरे आणि पुढील वर्षी परत आलेले ग्राहक. प्रत्येक पत्रामागे किती पेट्यांची नोंदणी झाली, हे साध्या वहीत लिहावे.

उत्तरांना विशेष महत्त्व द्यावे. हापूसमधील साका फळ कापल्याशिवाय बाहेरून ओळखू येत नाही, हे बागायतदाराला माहीत आहे, पण शहरातील प्रत्येक ग्राहकाला माहीत नसते. पेटी पोहोचल्यानंतर आंबा पिकून खाल्ला जाईल एवढे, म्हणजे सुमारे दहा दिवस सोडून ‘आंबा कसा निघाला?’ असे पत्र आपोआप जावे. साक्याची फळे निघाली असल्यास फोटो पाठवा, भरपाई करू, असे त्यात स्पष्ट लिहावे. वाशीच्या पेटीमागे अशी सोय नसते. थेट विक्रीचा ग्राहक टिकतो तो या विश्वासावर. म्हणून ज्या पत्त्यावर उत्तर देता येत नाही अशा पत्त्यावरून पत्रे पाठवू नयेत.

पत्रात सवलतींची आरास करण्यापेक्षा ग्राहकाला उपयोगी माहिती द्यावी. फळ चौदा आणे तयार झाल्यावर काढले आहे, कोणत्या तारखेला काढले, आढीत किती दिवस ठेवावे, पेटी आल्यावर फ्रिजमध्ये का ठेवू नये, या गोष्टी ग्राहक आवडीने वाचतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपण त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असल्यासच त्याचा उल्लेख पत्रात करावा.

काही प्रचलित सेवा

येथे कोणत्याही एका सेवेची शिफारस नाही, केवळ फरक कळावा म्हणून तीन नावे दिली आहेत. मेलचिंप ही २००१ पासूनची जुनी सेवा असून तिच्यात सोयी पुष्कळ आहेत. तिच्या योजना प्रामुख्याने नावांच्या संख्येवर ठरतात. ब्रेवो ही फ्रान्समधील सेवा २०२३ पर्यंत सेंडिनब्लू या नावाने ओळखली जात होती. तिचे दर प्रामुख्याने पत्रांच्या संख्येवर असतात. झोहो कॅम्पेन्स ही चेन्नईच्या झोहो कंपनीची सेवा असून तिचे पैसे रुपयांत भरता येतात. तिन्हींचे दर व मर्यादा वेळोवेळी बदलतात. म्हणून निवडीच्या दिवशी प्रत्यक्ष दरपत्रक पाहून वर दिलेला हिशेब मांडावा.

कामाचे वेळापत्रक

जुलै–ऑगस्ट : जुन्या वह्या व फोनमधील नावे एकत्र करून तक्ता तयार करावा. संमती घ्यावी.
सप्टेंबर : दोन किंवा तीन सेवांची चाचणी घेऊन एक निवडावी.
ऑक्टोबर : डोमेन घेऊन ओळखीच्या तिन्ही खुणा लावाव्यात.
नोव्हेंबर–डिसेंबर : लहान गटांना पत्रे पाठवून संख्या वाढवावी. भागवार गट पाडावेत.
जानेवारी–फेब्रुवारी : मोहोराचे पत्र व आगाऊ नोंदणी. झाडावर जेवढे फळ दिसते त्याच्या बेताने नोंदणी घ्यावी.
मार्च–मे : ज्या भागात गाडी जाणार, त्याच भागाला पत्र पाठवावे. माल संपताच नोंदणी बंद करावी.
जून : आभाराचे पत्र, भरपाईचा निपटारा आणि संपूर्ण यादी उतरवून ठेवणे.

ऐन एप्रिलमध्ये सेवा बदलू नये. त्या वेळी काढणी, प्रतवारी, भरणी आणि वाहतूक यांतून मान वर करण्यास सवड नसते, आणि चुकीच्या वेळी गेलेले एक पत्र वर्षभराची नोंदणी बिघडवू शकते.

थोडक्यात महत्त्वाचे

• यादी सहज उतरवून घेता येईल अशीच सेवा घ्यावी.
• खर्चाचा हिशेब हंगामावर मांडावा, जाहिरातीवर जाऊ नये.
• स्वतःच्या नावावर डोमेन घेऊन एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क लावावे.
• यादी विकत घेऊ नये. संमती नोंदवून ठेवावी.
• मराठी मजकुराची चाचणी सर्व प्रकारच्या पत्त्यांवर घ्यावी.
• एसएमएस, विक्रीचे पान इत्यादी सोयी भारतात चालतात की नाही, हे तपासल्याशिवाय त्यांचे पैसे देऊ नयेत.
• ग्राहकाच्या प्रत्येक उत्तराला उत्तर द्यावे.

बागेची निगा आपण वर्षभर राखतो तेव्हा कोठे दोन-अडीच महिने फळ मिळते. ग्राहकांच्या यादीचेही तसेच आहे. पावसाळ्यात तिची मशागत केली, तर हंगामात भाव ठरविताना आपल्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. बागायतदार बंधू-भगिनींनी येत्या पावसाळ्यातच आपल्या जुन्या वह्यांतील नावे एका तक्त्यात उतरवून या कामास सुरुवात करावी.